७२० मार्कांचं गाव

वीकेंडला लातूरला चाललोय, असं ऑफिसात सांगितलं तर चौघांनी चार प्रकारचे चेहरे केले. ‘कुणाचं लग्न?’ एकीने विचारलं. दुसऱ्याने ‘बिसलेरी घेऊन जा रे’ हा २०१६पासूनचा जोक मारला. तिसऱ्याला लातूर म्हटल्यावर फक्त भूकंप आठवला. चौथा काहीच बोलला नाही. नंतर कॉफी मशीनपाशी गाठून हळूच म्हणाला, ‘मी होतो दोन वर्षं तिथे. रिपीटर बॅचला. खाडगाव रोडला खोली होती.’ हा मुलगा आमच्याकडे टेस्टिंगला आहे. म्हणजे सॉफ्टवेअरच्या. चार वर्षं शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो, पण हा विषय कधी निघालाच नव्हता.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असणारच. जरा खरवडून बघा. फार्मा कंपनीत मार्केटिंग करणारा, बँकेत लोन पास करणारा, एचआरमधली ती गोड आवाजाची... यांच्यातल्या कुणाचं ना कुणाचं मेडिकल पाच-दहा मार्कांनी हुकलेलं असतं. आणि महाराष्ट्रात हे हुकणं किंवा जमणं ज्या एका गावात सगळ्यात जास्त घाऊक प्रमाणात चालतं, ते गाव लातूर. म्हटलं, बघून तर येऊ.

मुंबईहून रात्री निघालेली गाडी मध्यरात्र उलटल्यावर पुण्यात येते आणि उजाडता उजाडता लातूरला सोडते. डब्यातली गर्दीच सांगते आपण कुठे चाललोय ते. वरच्या बर्थवर गुंडाळलेली गादी. खाली स्टीलचा डबा, कुकर, टेबल लॅम्प आणि दोरीने बांधलेले पुस्तकांचे खोके. समोर वडील, शेजारी सतरा वर्षांचं पोर कानात इयरफोन घालून झोपेचं सोंग घेतलेलं. गोव्याच्या गाडीत असतो तसला दंगा नाही. सगळे कसे अॅडमिट व्हायला निघाल्यासारखे.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. ‘क्लासला का ओ?’ मी नाही म्हटलं. ‘मग पालक का?’ तिशीतल्या माणसाला सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी, हे ऐकायला लागावं! ‘गाव बघायला आलोय’ म्हटल्यावर तो दिलखुलास हसला. ‘गाव? बसा की मग. गोलाई दाखवतो.’

सोळा रस्ते

गंजगोलाई बघाच. पुण्या-मुंबईच्या आर्किटेक्ट मंडळींनी तर आवर्जून. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आखलेला हा बाजार. मध्यभागी १९१७मधली दुमजली भली मोठी गोल इमारत, तिच्या पोटात अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी फुटणारे १६ रस्ते. कुठल्या रस्त्यावर सराफ, कुठे चपला, कुठे मिरची आणि गूळ. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९४८ साली तो भारतात आला आणि लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १९८२मध्ये. तोपर्यंत उस्मानाबादचा, म्हणजे आताच्या धाराशिवचा, एक तालुका.

हे गाव मुळात व्यापाऱ्यांचं. तूर, हरभरा, सोयाबीन, डाळ मिल. आजही आडत बाजारात पोती हलताना दिसतात. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच, कास्तीची कोथिंबीर, या लातूर जिल्ह्यातल्या तिन्ही गोष्टींना २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं. म्हणजे वरणाची निम्मी तयारी या एकाच जिल्ह्यात! पण गोलाईतल्या एका भांड्याच्या दुकानदाराला मी विचारलं, सगळ्यात जास्त काय खपतं? तो म्हणाला, ‘जूनमध्ये? एका माणसाचं कुकर.’

तिथून पुढे गावाचा नवा बाजार लागतो. उद्योग भवनाचा परिसर. नावात उद्योग असलं तरी लातूरकर त्याला ‘ट्यूशन एरिया’ म्हणतात आणि रिक्षावाल्याला तेच सांगायचं असतं. पुण्यात जसे बिल्डरांचे होर्डिंग तसे इथे मार्कांचे. ६९०, ६८५, ७०५. फोटो पासपोर्ट साइझचे, हसू बेताचं, मागे स्टेथोस्कोपचं चित्र. मध्येच ‘एमबीबीएस इन जॉर्जिया’, ‘एमबीबीएस इन किर्गिझस्तान’. झेरॉक्स, अभ्यासिका, मेस, पीजी, चष्म्याचं दुकान, पुन्हा झेरॉक्स. सिनेमाचं पोस्टर शोधून सापडलं नाही.

पॅटर्नची गोष्ट

‘लातूर पॅटर्न’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, बहुतेक वेळा टोमणा म्हणून. त्यामागचं गणित साधं होतं. १९९९ साली राज्यात सीईटी आली. त्याआधी मेडिकलचा प्रवेश बारावीच्या बोर्डाच्या मार्कांवर व्हायचा. मग बोर्डाचे मार्क वाढवा, की मेडिकल मिळालं! राजर्षी शाहू महाविद्यालय १९७०चं, दयानंद त्याच्याही आधीचं, १९६१चं. या कॉलेजांनी ऐंशीच्या दशकात एक शिस्त बसवली. अभ्यासक्रम लवकर संपवायचा आणि मग परीक्षांमागून परीक्षा. इतक्या, की बोर्डाचा पेपर हातात आला तर पोराला वाटावं, हा तर मागच्याच आठवड्यात सोडवला. मेरिट लिस्टमध्ये मराठवाड्यातली नावं रांगेने दिसायला लागली तेव्हा पुण्या-मुंबईत ‘घोकंपट्टी’ म्हणून नाकं मुरडली गेली. नाकं मुरडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात आधीच एक डॉक्टर होता, हे मात्र कुणी बोललं नाही.

मग सीईटी आली, वर्णनात्मक उत्तरांच्या जागी चार पर्याय आले. पॅटर्न बदलला. त्यानंतरचा दणका २०१६चा. त्या वर्षी मांजरा धरण आटलेलं, गावात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावलेली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. अख्ख्या देशाचे कॅमेरे लातूर स्टेशनवर. आणि त्याच महिन्यात, २८ तारखेला, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नीट याच वर्षापासून घ्या. म्हणजे बादल्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या पोरांना कळलं की दोन वर्षं जो अभ्यास केला तो स्टेट बोर्डाचा आणि परीक्षा एनसीईआरटीवर! पुढे अध्यादेश निघाला, राज्याच्या कोट्याला त्या वर्षापुरती सूट मिळाली आणि २०१७पासून नीट सगळ्यांनाच लागू झाली. पण ते चार आठवडे ज्यांनी काढले त्यांना आजही विचारा. एक जण आता गावातच रेडिओलॉजिस्ट आहे. तो म्हणाला, ‘पाण्याचं काही वाटत नव्हतं ओ. पाणी येणार हे माहीत होतं. पुस्तक कुठलं वाचायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.’

गावाने हाही बदल पचवला. आज इथली मुलं एनसीईआरटीच्या बायोलॉजीचं पान नंबर सांगून उत्तर देतात. नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बिदरकडूनही पोरं येतात. कोट्याला जायचं तर हिंदी आणि इंग्रजीच्या कुबड्या लागतात. इथे सर फिजिक्सचं सूत्र इंग्रजीत लिहितात आणि समजावतात मराठीत. ‘आता हा ब्लॉक घसरायलाय बगा’ असं म्हटलं की घर्षण डोक्यात शिरतं.

पैसा आला की त्याच्या मागोमाग जे येतं तेही आलं. जून २०१८मध्ये एका क्लासचालकाचा गोळ्या घालून खून झाला आणि धंद्यातल्या चढाओढीतून झाला म्हणून प्रतिस्पर्धी क्लासवाल्याला अटक झाली. २०२४च्या नीट पेपरफुटीच्या तपासात लातूरच्या दोन शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. ट्यूशन एरियात हे विषय काढले की माणसं एकदम ‘चहा घेता का?’ म्हणतात.

‘आमचं फिजिक्स कच्चं आहे’

नीट म्हणजे १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. बायोलॉजीचे ९० प्रश्न, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पंचेचाळीस-पंचेचाळीस. बरोबर आलं तर चार मिळतात, चुकलं तर एक जातो. २०२५मध्ये देशभरात २२ लाखांवर मुलं बसली आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यात सरकारी कॉलेजच्या जागा साधारण निम्म्या. बाकीच्या खासगी आणि अभिमत, म्हणजे फी ऐकून आपल्या होम लोनचा हप्ता गोड वाटायला लागतो.

हे आकडे पाठ असतात सगळ्यांना. मला भेटलेल्या एका आईला तर पुरते पाठ होते. हिंगोलीकडच्या गावातून ती दीड वर्षापूर्वी मुलीबरोबर इथे राहायला आली. नवरा गावी, पाच एकर सोयाबीन, दोन म्हशी आणि म्हातारी सासू. इथे दहा बाय बाराची खोली, त्यातच ओटा, दोरीवर कपडे, भिंतीला आवर्त सारणी चिकटवलेली आणि तिच्या शेजारी खंडोबा. लातुरात अशा आया शेकड्यांनी आहेत. गल्लीच्या गल्ली आयांच्या. नवरे पंधरा दिवसांनी येतात, डब्यात तूप आणि पिशवीत डाळ घेऊन.

‘आमचं बायो चांगलंय,’ बाई म्हणाल्या. ‘आमचं फिजिक्स कच्चं आहे. रोटेशनमध्ये मार खातो आम्ही.’ सातवी शिकलेली बाई ‘रोटेशन’ हा शब्द इतक्या सहज म्हणाली की मीच जरा दचकलो. हे ‘आम्ही’ इथे सगळे पालक वापरतात. आम्ही रिपीट करायलाव. आम्हाला ५८० आले. आमचा एक ओएमआरचा गोल चुकला.

रविवारी टेस्ट असते. मार्क क्लासकडून थेट वडलांच्या मोबाइलवर जातात. मुलगी खोलीवर पोचायच्या आधी शेतात फोन वाजलेला असतो. ‘तिचे बाबा काही बोलत नाहीत,’ बाई सांगत होत्या. ‘चांगले आले की लगेच फोन करतात. नसले की करत नाहीत. रविवारी चार वाजेपर्यंत फोन वाजला नाही की आम्ही दोघी समजतो.’ मुलगी कोपऱ्यात वहीत तोंड घालून बसली होती. ती काही बोलली नाही. मला वाटतं, रागवणाऱ्या वडलांपेक्षा हे जड जात असेल.

त्यात हल्ली मार्कांचा भाव कुणालाच कळत नाही. २०२४मध्ये आधीच्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले. ग्रेस मार्क, फेरपरीक्षा, कोर्ट असा सगळा गोंधळ झाला आणि शेवटी कोर्टाने पूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. त्या वर्षी ६५० मार्क मिळवलेली पोरं डोकं धरून बसली होती, कारण रँक भलतीच खाली. दुसऱ्या वर्षी फिजिक्स इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६. म्हणजे आपल्या अप्रेजलसारखं झालं की हे! टार्गेट काय होतं ते वर्ष संपल्यावर कळणार. फरक एवढाच, की आपल्याला पुढच्या महिन्यात पगार तरी येतो.

आजोबांची शाळा

मला वाटायचं, मेडिकलचं टेन्शन म्हणजे अभ्यासाचं टेन्शन. ट्यूशन एरियातल्या एका ई-सेवा केंद्रात तासभर बसा, म्हणजे उरलेली निम्मी गोष्ट कळते. दुकान सहा बाय आठचं. दारावर पांढरा कापडी पडदा, तो फोटोसाठी. कारण फॉर्मवरचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरच हवा, कान दिसायला हवेत. पोस्टकार्ड साइझचा वेगळा, पासपोर्टचा वेगळा. दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे. दुकानदार दिवसभर पोरांची बोटं शाईत बुडवत असतो, निवडणूक असल्यासारखा.

ही झाली परीक्षेची बाजू. निकालानंतर प्रवेशाची फेरी सुरू होते तेव्हा कागदांचा खरा तमाशा. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, ८५ टक्के राज्याच्या. दोन्हींची नोंदणी वेगळी, याद्या वेगळ्या, तारखा वेगळ्या आणि बऱ्याचदा एकमेकींच्या पायात पाय. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमी लेअर आणि सगळ्यात कडक म्हणजे जात वैधता. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे वडील नाही, आजोबा. आजोबांच्या शाळेचा उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? ‘मग चुलत आजोबा बघायचे,’ दुकानदार म्हणाला, जसं काही चुलत आजोबा ड्रॉप डाउनमध्ये असतात.

मराठवाड्यात याला आणखी एक पेच आहे. जुन्या नोंदी निजामाच्या काळातल्या, म्हणजे उर्दूत. काही मोडीत. त्या वाचणारा माणूस शोधायचा, भाषांतर करून घ्यायचं, सही-शिक्का घ्यायचा. अठरा वर्षांच्या पोराचं एमबीबीएस कुठल्याशा तलाठ्याने शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या एका ओळीवर अडलेलं असतं. एक वडील रांगेत हातात लॅमिनेट केलेला उर्दू कागद घेऊन उभे होते. उलटा धरलेला. मी काही बोललो नाही. त्यांच्या मागच्याने हळूच सुलटा करून दिला.

त्यातल्या त्यात दोन गोष्टी बऱ्या झाल्या. पूर्वी राज्यात ७०:३०चा नियम होता, म्हणजे आपापल्या विभागातल्या कॉलेजात ७० टक्के जागा स्थानिकांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि मार्कवाली पोरं जास्त, त्यामुळे इथल्यांना तो काचायचा. सप्टेंबर २०२०मध्ये तो रद्द झाला. आणि २०२४पासून राज्यात मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची फी माफ झाली. हिंगोलीच्या बाईंना हा शासन निर्णय तारखेसकट माहीत होता.

पण मग प्रेफरन्स भरायचे. मुंबईचं कॉलेज वर टाकायचं की छत्रपती संभाजीनगरचं? पहिल्या फेरीत मिळालेलं घ्यायचं की पुढच्या फेरीची वाट बघायची? सतरा-अठराव्या वर्षी! आपण एक फोन घ्यायचा तर तीन महिने रिव्ह्यू वाचतो.

वेळ अमावास्या

मी गेलो ते दिवस वेळ अमावास्येचे होते. लातूर-धाराशिवबाहेर हा सण फारसा कुणाला माहीत नसतो आणि तो चुकवू नये असा आहे. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप करायची, पांडवांची पूजा आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, धपाटे. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत बरं का! हिरवे दाणे, पालेभाज्या, बेसन असं सगळं घातलेली ती दाट भाजी. ज्याला स्वतःचं शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. जिल्ह्यात सुट्टी असते आणि लातूर शहर अक्षरशः रिकामं होतं. गोलाईच्या सोळाही रस्त्यांवर फक्त कुत्री.

ट्यूशन एरिया मात्र अर्धाच रिकामा. क्लासला सुट्टी होती, जवळच्या गावची पोरं पहाटेच्या एसटीने गेली होती. उरले होते लांबचे आणि रिपीटर. रिपीटर सहसा घरी जात नाहीत. शेतावर दहा नातेवाईक भेटतात आणि दहाही जण एकच प्रश्न विचारतात. वयाची वरची अट २०२२मध्ये गेल्यापासून तर थांबायचं कधी, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं.

अभ्यासिकेखाली एक मेस आहे. मेसवाल्या काकूंचं शेत औशाच्या रस्त्याला. दुपारी त्या सणाचं सगळं डब्यांत भरून परत आल्या आणि अभ्यासिकेच्या जिन्यात उभं राहून ओरडल्या, ‘चला रे, खाली या. आंबील आंबायली.’ बारा-पंधरा पोरं उतरली. दाढी वाढलेली, स्वेटर घातलेली, डोळे बारीक करणारी. मेसमध्ये एकच नियम, जेवताना मार्क काढायचे नाहीत. पाटीवर लिहिलेला नाही, पण काकू पळीच उगारतात.

माझ्या शेजारी बसलेला मुलगा उदगीरकडचा. तिसरी खेप. पहिल्या वर्षी ४९०, दुसऱ्या वर्षी ६१२. बीएएमएस मिळत होतं, घेतलं नाही. ‘चूक केली का?’ त्याने मला विचारलं. मला! ज्याने अकरावीत बेडूक कापायच्या आधीच बायो सोडलं त्याला. मी विषय बदलायला विचारलं, डॉक्टरच का? वाटलं, ठरलेलं उत्तर येईल. तो म्हणाला, ‘आमच्या गावाला दवाखाना आहे सर, डॉक्टर मंगळवारी येतो. आजी बुधवारी गेली.’ मग आंबिलीचा ग्लास संपवला आणि म्हणाला, ‘पण हे निबंधात चालतं. नीटमध्ये निबंध नसतो.’

काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक उंडा टाकला. ‘खा गप. बीएएमएस बी डॉक्टरच असतंय.’

‘काकू, नियम!’ दोन-तीन पोरं एकदम ओरडली. मार्कांचा विषय काकूंनीच काढला होता. त्यांनी जीभ चावली, सगळे हसले. अख्ख्या दोन दिवसांत ट्यूशन एरियात मी ऐकलेलं मोठ्याने हसणं ते एवढंच. साडेतीनला पोरं हात धुऊन वर गेली. चार वाजता केमिस्ट्रीची टेस्ट होती, सणाच्या दिवशी, आपापसांत लावलेली. उदगीरवाला जाताना मला म्हणाला, ‘मे महिन्यात या सर. तेव्हा बघा गाव.’

मे महिन्यातलं मी नंतर ऐकलं. परीक्षेच्या रविवारी सेंटरबाहेर ऊन चाळिशीचं, आत बूट चालत नाहीत, पूर्ण बाह्या चालत नाहीत, पेन तिथलंच. दीडला गेट बंद, दोनला पेपर. गेटबाहेर चपलांचे आणि कात्रीचे धंदे, बाही कापून देणारे. आणि समोरच्या लिंबाखाली तीन तास उभे असलेले पालक. पाच वाजता पोरं बाहेर येतात तेव्हा म्हणे कुणी काही विचारत नाही. आधी पाण्याची बाटली पुढे होते.

जायचंच असेल तर

मुंबई-पुण्याहून रात्रीची रेल्वे बरी. आठवड्यातले काही दिवस ती लातूरपर्यंत, बाकीचे दिवस पुढे बिदरपर्यंत जाते. ट्रॅव्हल्स भरपूर आहेत. गाडीने गेलात तर टेंभुर्णी-बार्शीवरून या. थंडीत या, म्हणजे हुरडाही मिळेल. सकाळी नाश्त्याला सुशीला खा. ती कुणी बाई नाही, चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला प्रकार आहे. संध्याकाळी गाड्यावर निलंगा राइस. मसालेदार, तेलदार, डाएटवाल्यांनी लांबूनच वास घ्यावा. वेळ असेल तर औशाचा किल्ला, खरोशाची लेणी आणि लांबचा बेत असेल तर उदगीरचा किल्ला, जिथे १७६०मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं.

किल्लारीही याच जिल्ह्यात. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भूकंपात हजारो माणसं झोपेत गेली. तिथे पिकनिक म्हणून जाऊ नका.

परतताना औसा-तुळजापूर रस्त्याने आलात तर उजनी लागेल. धरणाचं उजनी नव्हे, बासुंदीचं. दाट, गुलाबीसर, वाटीत चमचा उभा राहील अशी. दोन वाट्यांच्या पुढे गेलात तर गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. पार्सल मिळतं, पण पुण्यापर्यंत न्यायचं असेल तर एसी चालू ठेवा.